वादळ शमल्यावरची भीती

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. यंदा पुनरुत्थानाच्या जागरणविधीत, म्हणजे ईस्टरच्या रात्रीच्या उपासनेत, तिसरे वाचन तुमच्या वाट्याला आले आहे, बायबलमधल्या निर्गम ह्या पुस्तकाच्या 14व्या अध्यायाचे, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) निघालेले इस्राएल लोक दुभंगलेल्या समुद्रातून पार झाले त्या गोष्टीचे. घरी सराव करताना तुम्ही शेवटच्या ओळीपाशी आलात. इस्राएल लोकांनी परमेश्वराचा पराक्रम पाहिला, त्यांना परमेश्वराचे भय वाटले, आणि त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. तेवढ्यात तुमचा 9 वर्षांचा मुलगा म्हणाला, "देवानं वाचवलं ना त्यांना? मग घाबरले कशाला?" तुम्हाला उत्तर सुचले नाही. म्हणून तुम्ही विचारता की 'भय'च्या जागी 'आदर' वाचले तर चालेल का, आणि ती ओळ कोणत्या आवाजात वाचायची.

पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता येते: नाही. उपासनेत मंजूर झालेला मजकूर असतो, आपल्या सोयीने त्यातला शब्द फिरवायचा नसतो. पण नियम बाजूला ठेवला तरी 'आदर' हा शब्द तिथे तोकडा पडतो. आदर आपण मुख्याध्यापकांचा करतो. लग्नाच्या मांडवात वडीलधारे आले की खुर्ची सोडून उठतो, तोही आदरच. समुद्र दुभंगून मधल्या वाटेने चालत आलेली माणसे मागे वळून पाहतात तेव्हा त्यांना जे होते ते खुर्ची सोडून उठण्याएवढे नसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांब आहे. मी वसईत 30 वर्षे दृढीकरणाचे, म्हणजे कन्फर्मेशन संस्काराच्या तयारीचे, वर्ग घेतो आणि वाचकांना तयार करतो. तुमच्या मुलाचा प्रश्न मला जवळजवळ दर वर्षी कुणीतरी विचारतेच. पवित्र आत्म्याच्या सात दानांपाशी आले की पोरे अडतात. ज्ञान, सल्ला, बळ इथवर ठीक. 'देवाचे भय' हे दान कसे? भेट म्हणून भीती कोण देतो?

सुरुवातीची काही वर्षे मीही गुळगुळीत उत्तर द्यायचो. म्हणायचो, भय म्हणजे इथे आदर बरं का. पोरे मान डोलवायची आणि पुढचे पान उलटायची. हे उत्तर मला सोडायला लावले ते आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे मासेमारीच्या होडीच्या म्होरक्याने. नातीला वर्गाला सोडायला यायचा आणि मागच्या बाकावर बसून राहायचा. त्या दिवशी मी मार्कच्या शुभवर्तमानातले वादळ शिकवत होतो. संध्याकाळ झाली आहे, होडी गालीलच्या सरोवरात आहे, लाटा आत येताहेत, होडी भरत चालली आहे, आणि येशू वरामावर, म्हणजे मागच्या बाजूला सुकाणूपाशी, उशीवर डोके ठेवून झोपला आहे. शिष्य त्याला उठवतात. तो वाऱ्याला दटावतो, समुद्राला म्हणतो, गप्प राहा. वारा पडतो आणि सगळे निवांत होते. मी म्हटले, बघा, मग शिष्यांची भीती गेली.

मागून तांडेल म्हणाला, तसं लिहिलंय का तिथं?

मी पुस्तकात पाहिले. तसे लिहिलेले नव्हते. उलट लिहिले होते. सगळे निवांत झाल्यावर ते अतिशय भ्याले आणि एकमेकांना म्हणू लागले, हा आहे तरी कोण, वारा आणि समुद्रही ह्याचे ऐकतात!

मग तो जे बोलला ते त्याच्या कोळी बोलीत होते, मी माझ्या मराठीत सांगतो. वादळात घाबरायला सवड नसते, म्हणाला. एक जण पाणी उपसतो, एक सुकाणू धरतो, तोंडाने शिव्या नाहीतर देवाचं नाव. आणि वारा पडला म्हणून दर्या पडत नाही. वारा थांबतो, पण पाणी कितीतरी वेळ उसळत राहतं, होडी भोवऱ्यासारखी हलते. वारा आणि पाणी दोन्ही एका दमात थांबलेलं मी जन्मात बघितलं नाही. तसं झालं असतं तर मी होडीतून उडी टाकली असती.

मी इतकी वर्षे तो उतारा शिकवत होतो आणि ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मला वाटायचे, वारा थांबला की पाणी शांत होणारच. पण त्या होडीत पेत्र, आंद्रिया, याकोब, योहान असे पाण्यावर वाढलेले कोळी होते. वारा आपसूक कसा पडतो ते त्यांना ठाऊक होते. जे घडले ते आपसूक नव्हते हे पहिल्यांदा त्यांना कळले असणार.

होडी केवढी असेल ह्याचाही अंदाज करता येतो. 1986 साली दुष्काळात गालीलच्या सरोवराचे पाणी हटले, तेव्हा गिनोसारजवळ चिखलात पहिल्या शतकातली एक लाकडी होडी सापडली. लांबी साधारण 27 फूट, रुंदी साडेसात फूट. म्हणजे आपल्याकडच्या मध्यम होडीएवढी, कठडा पाण्यापासून हातभर. सरोवर स्वतः 21 किलोमीटर लांब आणि 13 किलोमीटर रुंद, समुद्रसपाटीच्या 200 मीटरहून अधिक खाली, भोवती डोंगर. तिथे वारा वरून कोसळतो. अशा होडीत झोप लागणाऱ्या माणसाबद्दल काय वाटायचे ते वाटो, पण त्याच्या एका वाक्याने पाणी तव्यासारखे सपाट झाले तर त्याच होडीत त्याच्या शेजारी बसून राहणे सोपे नाही. तो हातभर अंतरावर आहे आणि उतरायला जागा नाही.

मार्कने ही गोष्ट ग्रीकमध्ये लिहिताना 'मोठा' हे विशेषण तीनदा वापरले आहे: मोठे वादळ, मोठी शांतता, मोठी भीती. मोठ्या शांततेनंतर मोठा आनंद यायला हवा होता, पण मार्क तसे लिहीत नाही. शिवाय येशू शिष्यांना रागावतो तेव्हाचा शब्द वेगळा आहे. तिथे 'डेइलोस' आहे, म्हणजे भित्रा, कच खाणारा. वादळ शमल्यानंतर जे त्यांना वाटले त्याला मार्क 'फोबोस' म्हणतो. पहिल्याबद्दल येशूने त्यांना टोकले. दुसऱ्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

एवढे लक्षात आल्यावर मी मागे जाऊन जुन्या करारात शोधू लागलो, आणि समुद्राच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत हेच सापडले. योना संदेष्ट्याचेच घ्या. तोही तारवात झोपलेला, बाहेर वादळ. पहिल्या अध्यायात खलाशांच्या भीतीचा उल्लेख तीनदा येतो. वादळ सुरू झाल्यावर ते भ्याले, आणि जो तो आपापल्या देवाचा धावा करू लागला. योनाने आपण कोणत्या देवापासून पळतो आहोत ते सांगितल्यावर ते फार भ्याले. आणि योनाला पाण्यात टाकून समुद्र शांत झाल्यावर? तेव्हा ते परमेश्वराला अतिशय भ्याले, त्यांनी यज्ञ केला, नवस केले. वादळ उतरत जाते तशी भीती चढत जाते. तिसऱ्या वेळी तिचे नावही बदलते, कारण आता ती वाऱ्याची राहिलेली नसते. ते खलाशी परधर्मी आहेत, हेही विसरू नका. योना स्वतः मात्र परमेश्वराचे भय धरतो असे तोंडाने सांगतो, आणि वादळात? घोरतो.

आता तुमच्या उताऱ्याकडे येतो. निर्गम 14मध्ये इस्राएल लोक दोनदा भितात. पहिल्यांदा 10व्या ओवीत, म्हणजे वचनात (आजीची सवय, ती सगळ्याला ओवीच म्हणायची): मागे मिसरचा राजा फारो ह्याचे रथ दिसतात, पुढे पाणी, आणि ते मोशेवर ओरडतात, मिसरात थडगी नव्हती म्हणून आम्हाला इथे मरायला आणलेस का? तेव्हा मोशे म्हणतो, भिऊ नका. दुसऱ्यांदा 31व्या वचनात, सगळे संपल्यावर. हिब्रूत दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. आणि तिथे एक नादाचा खेळ आहे जो भाषांतरात येऊ शकत नाही: 'पाहिले' ह्याला हिब्रूत 'वय्यार' आणि 'भ्याले' ह्याला 'वय्यीरऊ'. कानाला जुळे शब्द. पाहिले आणि भ्याले ह्यांत श्वासाचेही अंतर नाही. तुमच्या वाचनाच्या शेवटी हे सगळे एका ओळीत येते: पाहिले, भ्याले, विश्वास ठेवला. आणि लगेच पुढचे वचन, 15:1: मग ते गाऊ लागले.

मुलाला सांगायचे तर इतकेच सांगा की आदल्या दिवशी ते फारोला घाबरलेले लोक होते, आणि दुसऱ्या सकाळी फारो उरला नव्हता, पण ज्याने फारोला बुडवले तो होता. 9 वर्षांच्या मुलाला हे कळते. मोठ्यांना कळायला वेळ लागतो, कारण आपल्याला देव मदतीला आलेला चालतो. पण मदत करून तो जवळच उभा आहे म्हटले की अवघडल्यासारखे होते.

काही जण मला नेहमी विचारतात की पूर्वेचा वारा सुटला म्हणून पाणी हटले असेल, त्यात चमत्कार कसला? अहो, वारा तर त्या उताऱ्यातच लिहिलेला आहे. परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहवला. लिहिणाऱ्याने काही लपवले नाही. भरती-ओहोटी बघत वाढलेल्या आपल्या माणसांना पाणी मागे जाण्याचे नवल नाही, ते कधी आणि कुणासाठी मागे गेले ह्याचे नवल आहे. ह्यावर मी वाद घालत नाही.

त्यापेक्षा अवघड प्रश्न वेगळाच आहे, आणि तो वर्गात बहुधा मुलीच विचारतात. 30व्या वचनात इस्राएल लोकांना किनाऱ्यावर काय दिसते? मिसरी लोकांची प्रेते. जागरणाच्या रात्री हे वाचताना माझा आवाज दर वर्षी जरा खाली जातो. आपल्या किनाऱ्यावर ज्यांनी प्रेत वाहून आलेले पाहिले आहे त्यांना त्याबद्दल सांगावे लागत नाही. तो माणूस आपला असो की परका, कुणी मोठ्याने बोलत नाही, कुणीतरी चादर आणायला धावतो. ज्यू परंपरेत तालमुदमध्ये एक कथा आहे: त्या रात्री देवदूत गायला निघाले, तेव्हा देव त्यांना म्हणाला, माझ्या हातची निर्मिती समुद्रात बुडते आहे, आणि तुम्ही गाणी म्हणता? म्हणून मला वाटते, 31व्या वचनातल्या भयात हेही आहे. सुटका झाली, पण ती फुकट झाली नाही, आणि ज्याच्या हातून झाली त्याचे बळ समोर वाळूत पडले आहे. तिथे टाळ्या वाजवण्यासारखे काही नाही. 'आदर' शब्दात ही प्रेते मावत नाहीत, हे माझे खरे कारण.

मराठीत आपल्याकडे ह्या भावनेला शब्द नाही असे मात्र नाही. 'देवभीरू' आणि 'देवभोळा' ह्यांतला फरक कोणत्याही आजीला ठाऊक असतो. देवभोळा दिसेल त्या दगडाला शेंदूर फासतो. देवभीरू माणूस वजनात मापात फसवत नाही. 'धाक' म्हटले की वर हात उगारलेला दिसतो, 'दरारा' म्हटले की माणूस यायच्या आधी त्याची पावले ऐकू येतात. गीतेच्या अकराव्या अध्यायातला अर्जुन तर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. विश्वरूप दाखव म्हणून स्वतःच मागणी करतो, पाहिल्यावर म्हणतो, आनंदही झाला आणि भीतीने मनही व्याकूळ झाले, आता आधीचेच रूप दाखव. दोन ग्रंथांची सरमिसळ करण्याची मला हौस नाही, त्यांतले देवाबद्दलचे म्हणणे वेगळे आहे. पण मराठी वाचकाला ही भावना परकी नाही एवढे त्यावरून दिसते. मत्तय लिहितो की रिकाम्या कबरेपासून निघालेल्या स्त्रिया भीतीने आणि मोठ्या आनंदाने धावत सुटल्या. दोन्ही एकाच वेळी, एकाच पायांत. जागरणविधीत जुन्या करारातली 7 वाचने असतात, किमान 3 वाचावी लागतात, आणि निर्गमाचे हे वाचन कधीच गाळता येत नाही. समुद्राकाठच्या त्या भयातून जाऊनच कबरेपर्यंत पोहोचावे लागते, असे मी तरी त्याचे कारण समजतो.

आता भीतीची वाईट बाजू, कारण तीही खरी आहे. मी लहान असताना आम्हाला प्रश्नोत्तरी शिकवणारे एक गृहस्थ छडी घेऊन बसत आणि चुकले की म्हणत, देव बघतोय. पुष्कळ वर्षे मला देव म्हणजे छडीच्या मागचा डोळा वाटे, आणि मी चर्चमध्ये खांबाआड बसायचो. ही भीती शास्त्रातही आहे. बागेतला आदाम म्हणतो, तुझा आवाज ऐकला, भ्यालो, लपलो. योहान आपल्या पहिल्या पत्रात म्हणतो की पूर्ण प्रीती भीती घालवून देते, तेव्हा तो ह्याच भीतीबद्दल बोलतो. तिच्यात शिक्षा असते, असेही तो तिथेच सांगतो. तेराव्या शतकातले धर्मपंडित थोमस अक्विनास दोन्हींना निरनिराळ्या नावांनी ओळखतात: चाकराची भीती आणि लेकराची भीती. चाकर मार चुकवायला बघतो. लेकरू बापाला दुखवायला भिते.

ओळखायची कशी? मी पोरांना दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचायला लावतो. गालीलच्या पलीकडच्या किनाऱ्यावर भूतबाधेने साखळ्या तोडणारा माणूस येशू बरा करतो. गावकरी येतात, तो कपडे घालून शुद्धीवर बसलेला बघतात आणि भितात. तो किंचाळत होता तेव्हा भ्याल्याचे लिहिलेले नाही, तो शहाण्यासारखा बसल्यावर भ्याले! आणि येशूला विनवतात, आमच्या हद्दीतून जा. दुसरी गोष्ट लूकच्या पाचव्या अध्यायातली. शिमोन पेत्राने रात्रभर जाळे टाकले, काही मिळाले नाही, सकाळी किनाऱ्यावर जाळी धूत बसला आहे. येशूच्या सांगण्यावरून पुन्हा पाण्यात जातो. जाळी फाटायला येतात, दुसरी होडी बोलवावी लागते, दोन्ही होड्या बुडायच्या बेतात. कोणताही तांडेल अशा वेळी काय करील? मासळी सावरील, बाजारभावाचा हिशेब करील. पेत्र त्या मासळीत गुडघे टेकतो आणि म्हणतो, प्रभू, माझ्यापासून जा, मी पापी माणूस आहे. जाळे टाकण्याआधी त्याने येशूला 'गुरुजी' म्हटले होते. आता 'प्रभू' म्हणतो.

म्हणजे गावकरीही 'जा' म्हणतात आणि पेत्रही 'जा' म्हणतो. पण पेत्र ते येशूच्या पायाशी पडून म्हणतो. ज्याला खरोखर घालवायचे आहे त्याच्या पाया कुणी पडत नाही. येशू गावकऱ्यांचे ऐकतो आणि होडीत बसतो. पेत्राचे ऐकत नाही. त्याला म्हणतो, भिऊ नकोस.

ताई, आता वाचनाबद्दल. उतारा मोठा आहे, घाई करू नका, पण नाटकही करू नका. फारोचे रथ आले की काही वाचक आवाज चढवतात, रथांची चाके रुततात तेव्हा आणखी चढवतात, आणि शेवटच्या ओळीला पोहोचेपर्यंत घसा आणि लोक दोघेही दमलेले असतात. तुम्ही उलट करा. 'भिऊ नका' तुमच्या उताऱ्याच्या थोडे आधी, 13व्या वचनात आहे, वाचन 15व्यापासून सुरू होते. पण सरावाला ते 10व्यापासूनच वाचा, म्हणजे पहिली भीती तुमच्या कानात राहील. प्रेतांच्या ओळीपाशी आवाज खाली आणा. 'पाहिले' नंतर थांबू नका, सरळ 'भय'वर जा, हिब्रूत ते जुळे शब्द आहेत. 'भय' ह्या शब्दावर जोर देऊ नका. तो साधाच म्हणा, घरात कुणी झोपले असताना बोलतो तसा. तांडेल सपाट पाण्याबद्दल बोलला तेव्हा त्याचा आवाज तेवढाच होता.

'विश्वास ठेवला' म्हटल्यावर दोन श्वास थांबा, आणि मगच गीताची ओळ वाचा. हे गायनमंडळाला आधी सांगून ठेवा. नाहीतर पेटीवाला तुमच्या त्या दोन श्वासांतच सूर धरेल. आमच्याकडे गेल्या वर्षी धरला होता.